बेचाळिसावा रुग्ण

१

“वाचा, मोठ्यानेच वाचा,” संपादकबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकून त्यांनी डोळे मिटून घेतले.

टपालरावांनी घसा खाकरला. नियतकालिकाच्या कचेरीत आलेला प्रत्येक निबंध, गेलेली प्रत्येक प्रत आणि उघडलेला प्रत्येक ई-मेल त्यांच्या नोंदवहीतून जायचा, म्हणून ते टपालराव. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“‘आपल्या संकेतस्थळावर आगामी अंकातल्या निबंधांचे सारांश पाहिले. झोप न मोडता कूस बदलण्याविषयीचा जो निबंध तुम्ही एका परिचारिकेच्या नावावर छापत आहात, तो आमच्या जूनच्या अंकात एका व्याख्यात्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला आहे. आमच्या विनंतीवरून लेखिकेने पाठवलेला तक्ता ताडून पाहिला. ओळीमागून ओळ तीच आहे. आमच्याकडे निबंध गेल्या नोव्हेंबरात आला, तुमच्याकडे यंदाच्या जानेवारीत. चोर कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. आठ दिवसांत निबंध मागे घ्या. लेखिकेच्या रुग्णालयाला आम्ही कळवले आहे.’”

पत्र संपलं.

“घ्या. आता त्या बाईंची नोकरी गेली म्हणायची,” टपालराव म्हणाले.

“आणि आपली अब्रू,” संपादकबाई म्हणाल्या. “तीस वर्षांत एकही निबंध मागे घ्यावा लागला नव्हता आपल्याला.”

खिडकीजवळच्या टेबलावर एक गृहस्थ त्याच निबंधाचं प्रूफ तपासत बसले होते. ते या नियतकालिकाचे मुद्रितशोधक. बोलता बोलता मध्येच थांबायची त्यांना सवय होती, म्हणून कचेरीने त्यांना स्वल्पविराम म्हणायला सुरुवात केली. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांना ते आवडलंच. पूर्णविराम म्हणाले नाहीत ही देवाची कृपा, असं ते सांगत.

“बाई,” स्वल्पविराम म्हणाले आणि थांबले. “मी हा निबंध तीनदा वाचलाय. ज्याने हा लिहिला, त्याने रात्रंदिवस त्या माणसांच्या उशाशी काढलेत. चोराला एवढी माया नसते.”

“माया पुराव्यात चालत नाही हो.”

“नाही चालत, खरं आहे. पण शोधायचं कुठे, ते तीच सांगते. मला आठ दिवस द्या.”

२

दुसऱ्या दिवशी दुपारी निबंध लिहिणाऱ्या सिस्टर आल्या. पांढऱ्या गणवेशातच, ड्युटी आटोपून. पन्नाशीच्या आसपास वय, मनगटावर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, कोणी उठवेल तर पटकन उठता यावं म्हणून.

“अधीक्षकांनी माझ्या सगळ्या वह्या आणि रुग्णांचे कागद कपाटात कुलूपबंद केलेत,” त्या म्हणाल्या. “चौकशी महिन्याभराने. तोवर हात लावायचा नाही. आणि तुमच्या मंडळाने निबंध मागे घेतला, तर चौकशी कसली, सरळ घरी जायचं.”

“म्हणजे हातात काहीच नाही?”

“डोक्यात आहे सगळं.”

त्यांचा अभ्यास साधा होता आणि म्हणूनच मोठा होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलतात. घड्याळ सांगतं आणि झोप मोडते. सिस्टरनी दोन वर्षं प्रत्येकाच्या झोपेची नोंद ठेवली, ज्याच्या त्याच्या झोपेच्या तालावर कूस बदलण्याच्या वेळा आखल्या. जखमा कमी झाल्या, माणसं लवकर घरी गेली.

स्वल्पविरामांनी प्रूफातला तक्ता समोर धरला, पण सिस्टरना दिसणार नाही असा. “पाचवा रुग्ण?”

“ते निवृत्त गवंडी होते. उजव्या कुशीवर झोपले की घोरायचे, डाव्या कुशीवर एकदम गप्प. शेजारचे मला म्हणायचे, सिस्टर, यांना कायमचं डाव्या कुशीवर ठेवा.”

“एकोणिसावी?”

“शिवणकाम करायच्या. झोपेत बोटं हलायची त्यांची. टाके घालत असतील.”

दारातून ऐकणारे टपालराव पुटपुटले, “मला माझ्या चुलतभावांचीही एवढी माहिती नाही.”

स्वल्पविराम हसले नाहीत. आता त्यांनी त्या दुसऱ्या नियतकालिकाचा जूनचा अंक उघडला. “सिस्टर, एकच गोष्ट मला अडतेय. व्याख्यात्यांच्या तक्त्यात बेचाळीस रुग्ण आहेत. तुमच्या तक्त्यात एक्केचाळीस. तुम्ही उचललं असतं, तर एक गाळला का असता?”

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला.

“बेचाळीस?” त्या हळूच म्हणाल्या. “अहो, ती माझी चूक होती. मी दुरुस्त केलेली. ती त्यांच्याकडे कशी गेली?”

३

पाणी पिऊन झाल्यावर त्या सांगू लागल्या. सदुसष्ट वर्षांच्या एक आजी होत्या. डाव्या खुब्याचं हाड मोडलेलं, वजन अठ्ठेचाळीस किलो. आधी मोठ्या वॉर्डात होत्या. चौदा मार्चला खोकला सुरू झाला म्हणून त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. तिथे नवा कागद, नवा क्रमांक. तक्ता करताना सिस्टरनी कागदांवरून उतरवून घेतलं आणि एकच आजी दोनदा मोजल्या गेल्या. नऊ नंबरला आणि तेहेतीस नंबरला.

“निबंध तुमच्याकडे पाठवला आणि दहा दिवसांनी आजींची लेक भेटायला आली. म्हणाली, आईला तुमच्या दोन्ही खोल्यांत फार बरं वाटलं. दोन्ही खोल्या! मी कागद काढून पुन्हा ताडून पाहिले. त्याच संध्याकाळी तुम्हाला कळवलं की एक रुग्ण वगळा, एक्केचाळीसच आहेत.”

स्वल्पविरामांनी अंकावर पेन्सिल फिरवली. नववी ओळ: वय सदुसष्ट, वजन अठ्ठेचाळीस, डावा खुबा, चौदा मार्चला सुट्टी. शेरा: ऐकू कमी येते, डाव्या बाजूने बोलावे. तेहेतिसावी ओळ: वय सदुसष्ट, वजन अठ्ठेचाळीस, डावा खुबा, चौदा मार्चला दाखल. शेरा: ऐकू कमी येते, डाव्या बाजूने बोलावे. व्याख्यात्यांनी फक्त साल एकाने मागे नेलं होतं. आजी दोन्हीकडे जशाच्या तशा होत्या.

“टपालराव, नोंदवही!”

टपालरावांची नोंदवही म्हणजे त्यांचा देव्हाराच. त्यांनी बोट फिरवत वाचलं. “निबंध आला सात जानेवारीला. पहिल्या समीक्षकाकडे प्रत गेली अकराला. दुरुस्तीचं पत्र आलं सतराला. दुसऱ्या समीक्षकाकडे प्रत गेली एकोणीसला. दुरुस्त तक्त्यासह. पहिल्या समीक्षकांना दुरुस्ती…” ते अडखळले. “कळवायची राहिली. माझीच चूक.”

“देव तुमचं भलं करो, टपालराव. अशी चूक दरवेळी करू नका, पण यावेळी केलीत ते बरं झालं.”

आता गणित सरळ होतं. सिस्टर सोडल्या तर बेचाळीसचा तक्ता तीनच माणसांनी पाहिला होता. टपालराव, संपादकबाई आणि पहिले समीक्षक. छापण्याआधी निबंध तपासणाऱ्या समीक्षकाचं नाव गुप्त असतं, लेखकालाही कळत नाही, म्हणून सिस्टर जाईपर्यंत कोणी बोललं नाही. मग स्वल्पविरामांनी भुवया उंचावून संपादकबाईंकडे पाहिलं.

“मला विचारू नका,” त्या म्हणाल्या. “पहिले समीक्षक मोठे सर आहेत.”

४

मोठे सर म्हणजे संपादकबाईंचे गुरू. अर्ध्या संपादक मंडळाला त्यांनी शिकवलेलं. अंकाच्या पहिल्या पानावर समीक्षकांसाठी जी आचारसंहिता दर वेळी छापली जाते, ती त्यांनीच लिहिलेली. त्यातलं चौथं कलम स्वल्पविरामांना शंभरदा तपासून पाठ झालं होतं: समीक्षणासाठी आलेले हस्तलिखित समीक्षकाने कोणालाही दाखवू नये.

“सरांवर संशय घ्यायच्या आधी मी राजीनामा देईन,” संपादकबाई म्हणाल्या.

“संशय कोणी घेतलाय? आधी व्याख्यात्यांशी बोलू.”

शुक्रवारी सकाळी स्वल्पविरामांनी सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकरवर व्याख्यात्यांना फोन लावला. आवाज तरुण होता, जरा उर्मट. खाली दडलेली भीती ऐकणाऱ्यालाच कळावी अशी.

“सर, तुमच्यासारखाच निबंध ज्यांच्याकडे आलाय, त्या नियतकालिकातला मी मुद्रितशोधक. अन्याय झाला असेल तर तो दूर व्हायला हवा, म्हणून विचारतो. तुमच्या तक्त्यात नऊ आणि तेहेतीस नंबरच्या बाई आहेत. दोघींचा शेरा एकच आहे. छपाईत एकीचा शेरा दुसरीला लागला का?”

“मुळीच नाही. माझ्या तक्त्यात चूक नसते.”

“म्हणजे दोघी वेगळ्या?”

“अर्थात! मला चांगल्या आठवतात. शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. दिवसभर एकमेकींशी बोलत असायच्या.”

“दोघींनाही ऐकू येत नसताना?”

“म्हणजे… खुणांनी हो. बायकांचं काय, कसंही जमतं.”

स्वल्पविराम थांबले. त्या थांबण्याला कचेरीतले सगळे ओळखून होते. टपालरावांनी हातातला कप खाली ठेवला.

“सर, नऊ नंबरच्या बाई चौदा मार्चला घरी गेल्या. तेहेतीस नंबरच्या त्याच दिवशी आल्या. एक गेली तेव्हा दुसरी आली. मग दिवसभर बोलल्या कधी?”

पलीकडून फोन बंद झाला.

टपालरावांनी टाळीच वाजवली. संपादकबाईंच्या चेहऱ्यावर मात्र काही उमटलं नाही. “फोनवरचं बोलणं उद्या नाकारेल तो. शिवाय नोव्हेंबरची तारीख तशीच उभी आहे. आणि आपल्याकडून निबंध त्याच्याकडे गेला कसा?”

स्वल्पविरामांनी मोठ्या सरांचं समीक्षण फायलीतून काढलं आणि वाचता वाचता त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. “बाई, हे बघा. तिसऱ्या मुद्द्यात लिहिलंय, तक्ता फार लांब आहे, निम्मा करावा. सातव्या मुद्द्यात, तक्ता त्रोटक आहे, आणखी रकाने हवेत. एका माणसाची एकाच कागदावर दोन मतं?”

“सर कधी असं लिहीत नाहीत.”

“नाहीच. हे सरांनी लिहिलेलं नाही. आणि हे एका माणसाने लिहिलेलंही नाही.”

५

शनिवारी चार वाजता स्वल्पविराम सरांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. आत वर्तुळात आठ-नऊ मुलं-मुली बसली होती, प्रत्येकाच्या हातात झेरॉक्स. मधोमध सर, पांढरेशुभ्र केस, प्रसन्न चेहरा.

“सर, तक्ता फारच लांब आहे,” एक उंच मुलगा म्हणत होता.

“तुला सगळंच लांब वाटतं. बसताना पायही मावत नाहीत तुझे,” चष्मेवाली मुलगी म्हणाली. “उलट रकाने वाढवायला हवेत.”

हशा पिकला. स्वल्पविराम दारातच खिळले. तिसरा मुद्दा आणि सातवा मुद्दा त्यांच्यासमोर बसून भांडत होते. आणि मुलांच्या हातातल्या झेरॉक्सवर त्यांच्याच नियतकालिकाचा शिक्का होता. दुसऱ्याच कोणाचा तरी न छापलेला निबंध!

“या, या!” सर म्हणाले. “आमची शनिवारची बैठक. समीक्षण कसं करायचं ते मुलांना शिकवतो. वीस वर्षं चाललीय.”

“सर, मुलांना जरा बाहेर पाठवता?”

मुलं गेली. स्वल्पविरामांनी सगळं सांगितलं. पत्र, आजी, फोन. सर ऐकत गेले तसे खुर्चीत लहान होत गेले.

“जानेवारीत इथे कोणी बाहेरचं आलं होतं?”

“आला होता. एका मित्राच्या ओळखीने. एक व्याख्याता. निबंध परत आला म्हणून रडकुंडीला आलेला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांवरच होता तो, पण नुसता शब्दांचा फुगा. तिकडच्या संपादकांनी कळवलं होतं, आकडे घालून पुन्हा पाठवा. मीच म्हटलं, बस आमच्यात, चांगला निबंध कसा असतो ते बघ.” ते थांबले. “आणि मीच त्याला प्रत दिली. नावं काढलेली होती म्हणून वाटलं, काय बिघडतं.”

“म्हणजे नोव्हेंबरात गेला तो फुगा. तारीख त्याची राहिली, आकडे नंतर भरले.”

“निबंध सुधारून आला तरी आवक तारीख पहिलीच छापतात. सगळीकडे तशीच पद्धत आहे,” सर म्हणाले. “मी चोर नाही हो.”

“नाही, सर. पण दार तुम्ही उघडं ठेवलंत.”

“मुलांना पोहायला शिकवायचं तर पाणी लागतंच ना?”

“ते पाणी दुसऱ्याच्या विहिरीतलं होतं, सर. विचारायला हवं होतं.”

त्यांच्या एका शब्दावर सिस्टरचं सगळं अवलंबून होतं. तो शब्द लिहिला की चाळीस वर्षांच्या नावावर डाग पडणार होता. नाही लिहिला तर कोणीही त्यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. स्वल्पविरामांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि एक शब्दही बोलायचा नाही असं ठरवलं. माणसाचं मन स्वतःच्या पायांनी उभं राहत असलं की त्याला आधार द्यायला जाऊ नये, अडथळाच होतो.

“किती दिवस उरलेत?” सरांनी विचारलं.

“चार.”

“आजच का नको?” ते उठून टेबलाशी गेले.

पाऊण तासाने त्यांनी दोन पानं स्वल्पविरामांपुढे सरकवली. “तपासा. तुमचं कामच आहे.”

सगळं नीट होतं. बैठक, तारीख, दिलेली प्रत, चौथं कलम आपणच लिहून आपणच मोडलं हे कबूल केलेलं. शेवटी एक मोठा परिच्छेद होता: चाळीस वर्षांची सेवा, घडवलेले विद्यार्थी, शुद्ध हेतू.

स्वल्पविरामांची पेन्सिल त्या परिच्छेदापाशी थबकली. ती पुढेही जाईना आणि मागेही.

“काढायचा म्हणता?” सर म्हणाले.

“खरा आहे सगळा.”

“खरा आहे म्हणूनच तर लिहावासा वाटला.” सरांनी स्वतःच पेन्सिल घेतली आणि परिच्छेदावर आडवी रेघ मारली. मग ते इतके मोकळे हसले की बाहेरच्या मुलांनी दारातून डोकावून पाहिलं. “या रे आत. आज मी तुम्हाला माझीच चूक शिकवणार आहे. त्या झेरॉक्स आधी परत करा सगळ्यांनी.”

६

सरांचं पत्र गेल्यावर तिकडच्या संपादकांनी नोव्हेंबरात आलेला मूळ मजकूर उघडला. त्यात तक्ता नव्हता. एकही रुग्ण नव्हता. त्यांनी जूनचा निबंध मागे घेतला, सिस्टरच्या रुग्णालयाला दुसरं पत्र लिहिलं आणि पहिल्या पत्रातल्या ज्योतिष्याच्या वाक्याबद्दल वेगळी माफी मागितली. अधीक्षकांनी कपाटाची किल्ली स्वतः वॉर्डात आणून दिली.

सिस्टरचा निबंध एक्केचाळीस रुग्णांसह छापून आला. त्याच अंकात सरांचं पत्रही आलं, आणि आचारसंहितेत एक नवं कलम: समीक्षणात कोणाची मदत घ्यायची असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि मदत करणाऱ्याचे नाव संपादकांना कळवावे. दुरुस्ती आली तर ती त्याच दिवशी सर्व समीक्षकांना पाठवावी, ही पुढची ओळ टपालरावांनी आग्रहाने घालून घेतली.

राहिला व्याख्याता. त्याने कबुली दिली होती. निबंध छापून आल्याशिवाय नोकरी कायम होणार नव्हती, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या कॉलेजने त्याला कायम करणं थांबवलं आणि शिवाय काय करावं असं सिस्टरना विचारलं.

“तुम्ही सांगाल ते,” संपादकबाई त्यांना म्हणाल्या. “हक्क आहे तुमचा.”

“शिक्षा करून मला काय मिळणार?” सिस्टर म्हणाल्या. “त्यांना पंधरा दिवस माझ्या वॉर्डात पाठवा. सकाळच्या पाळीला.”

“आणि नाही आले तर?”

“तर मग नाही आले.”

सोमवारी सकाळी सहाला तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कोरी वही. वॉर्डाच्या दाराशी उभा राहिला, आत पाऊल टाकेना. आत नुकता उजेड होत होता. कोणी कण्हत होतं, कोणी घोरत होतं.

“सिस्टर, मी… माफी मागायला…”

“ते मागाहून. वही तिकडे ठेवा. हात धुऊन या.”

तो हात धुऊन आला. सिस्टर एका खाटेपाशी थांबल्या. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ टक्क जागे होते, छताकडे बघत.

“यांची कूस बदलायचीय. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. ओढायचं नाही, उचलायचं.”

तो वाकला. हात पुढे केले.

“थांबा. आधी त्यांना नाव विचारा.”

त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्याने त्याच्याकडे. “आजोबा, तुमचं नाव काय?”

आजोबांनी सांगितलं. आडनावासकट, वडिलांच्या नावासकट, गावासकट. बऱ्याच दिवसांनी कोणी विचारलं असावं. त्याने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, बरोबर आहे ना म्हणून विचारलं, आणि मग दोन्ही हात त्यांच्या पाठीखाली घातले.